गल्ल्यावर कोण बसतं?

"लंडनपासून तासाभरावर एक चालू दुकान विकायला आहे. बिअर, वाइन, व्हिस्की, शिवाय दूध, ब्रेड, सिगारेट, लॉटरी, सगळं आहे. आठवड्याला १२ हजार पौंडांची विक्री. ७५ हजारांत मिळतंय. घ्यावं का?"

ब्रिटनमध्ये दहा-पंधरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी डोकावतो. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाला साहेबाखाली काम करण्याचा कंटाळा आलेला असतो. दुकान मात्र डोळ्यांसमोर असतं आणि त्यात समजायला अवघड असं काही दिसत नाही. माल आणायचा, फळीवर लावायचा, विकायचा. तिथे अशा दुकानाला ऑफ-लायसन्स म्हणतात. बाटली तिथून घ्यायची आणि घरी नेऊन प्यायची. आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये दूध-ब्रेड मिळत नाही. तिथे मात्र ही दोन दुकानं एकाच छपराखाली नांदतात, कारण नुसत्या दारूवर किंवा नुसत्या किराण्यावर छोट्या दुकानाचा खर्च निघणं कठीण असतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं सगळं वाचणं व्यर्थ आहे. असं दुकान चालवायला ब्रिटनमध्ये धंदा करण्याचा हक्क लागतो. नागरिकत्व किंवा कायमचा रहिवास असलेल्यांना तो आहे, आणि ब्रिटिश जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांनाही. विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही. नोकरीच्या व्हिसावर आलेल्याला ती नोकरी सोडून गल्ल्यावर बसता येत नाही. पूर्वी भांडवल घेऊन येणाऱ्या उद्योजकांसाठी एक व्हिसा होता, तो मार्च २०१९ मध्ये नव्या अर्जांसाठी बंद झाला. त्याच्या जागी आलेल्या व्हिसाला नवी कल्पना लागते, आणि कोपऱ्यावरचं दुकान ही नवी कल्पना मानली जात नाही. "तुम्ही दुकान घ्या, व्हिसाचं आम्ही बघतो" असं भारतात बसून कुणी सांगत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

१. जाहिरात काय सांगते

विक्रीची जाहिरात बहुधा चार ओळींची असते. आपण एक काल्पनिक जाहिरात घेऊ आणि प्रकरणभर तिच्यावरच काम करू.

आठवड्याची विक्री १२,००० पौंड. ढोबळ नफा २२ टक्के. भाडं वर्षाला १८,००० पौंड. उघडण्याची वेळ सकाळी ७ ते रात्री १०, सातही दिवस. किंमत ७५,००० पौंड, माल वेगळा.

'माल वेगळा' म्हणजे फळ्यांवरचा आणि मागच्या खोलीतला साठा ताबा घेण्याच्या दिवशी मोजून त्याचे पैसे निराळे द्यायचे. मग ७५ हजार कशाचे? फ्रीज, फळ्या, कॅमेरे, गल्ल्याचं यंत्र अशा सामानाचे थोडे, उरलेल्या भाडेपट्ट्याचे थोडे, आणि बरेचसे 'गुडविल'चे. गुडविल म्हणजे गिऱ्हाइकांची सवय. पलीकडच्या गल्लीतली बाई दूध आणायला याच दुकानात येते, ती उद्याही येईल, या अपेक्षेची ती किंमत.

ही अपेक्षा वर्षाला किती पैसे मिळवून देते, हे कळल्याखेरीज ७५ हजार स्वस्त की महाग, हे सांगता येत नाही.

२. गल्ल्यातले तुमचे पैसे किती

आठवड्याच्या १२ हजारांवर २२ टक्के धरून बेरीज करणारे लोक असतात. दर आठवड्याला २,६४० पौंड, म्हणजे वर्षाला एक लाख ३७ हजार! आकडा ऐकून माणूस हुरळतो. तो आकडा का चुकीचा आहे, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा: गल्ल्यात आलेले सगळे पैसे दुकानाचे नसतात. लॉटरीची तिकिटं आणि गिऱ्हाइकांनी दुकानात भरलेली विजेची बिलं यांचे पैसे दुकानदाराकडून पुढे जातात. त्याच्या हाती फक्त अडत उरते. लॉटरीच्या तिकिटांवर ती सुमारे ५ टक्के असते, बिलांवर त्याहून बरीच कमी. आपल्या १२ हजारांत असे १,५०० पौंड आहेत असं धरू. दुकानाची खरी विक्री उरली १०,५००.

दुसरा टप्पा: व्हॅट. ब्रिटनमध्ये बहुतेक वस्तूंवर २० टक्के व्हॅट असतो आणि तो फळीवरच्या किमतीतच धरलेला असतो. १०० पौंडांच्या वस्तूवर २० चढवले की १२० होतात, म्हणजे फळीवरच्या किमतीतला सहावा भाग सरकारचा. १२ पौंडांच्या वाइनच्या बाटलीतले २ पौंड तुमचे कधीच नसतात. दूध, ब्रेड, भाजी, चहा, वर्तमानपत्र यांवर शून्य टक्के. दारू, सिगारेट, बटाट्याचे वेफर्स, चॉकलेट, कोकची बाटली यांवर पूर्ण २० टक्के. साध्या बिस्किटाला शून्य टक्के आणि त्याच बिस्किटावर चॉकलेटचा थर असला की २०, असेही बारकावे आहेत. ते गल्ल्याच्या यंत्रात नीट भरलेले आहेत की नाही, हे दुकान घेण्याआधी पाहून घ्यावं. पाच वर्षं चुकीचा व्हॅट भरणाऱ्याने दाखवलेला नफाही चुकीचाच असतो.

तिसरा टप्पा: प्रत्येक मालावरचा नफा वेगळा. सिगारेट गल्ला फुगवते पण खिशात काही ठेवत नाही. चॉकलेट आणि वेफर्स यांचं उलटं. आपल्या दुकानाची फोड अशी समजू. यातले नफ्याचे टक्के उदाहरणापुरते घेतले आहेत.

दारू ४,२०० पौंडांची विकली. व्हॅट काढून ३,५००. त्यावर २२ टक्के म्हणजे ७७०.
सिगारेट-तंबाखू ३,०००. व्हॅट काढून २,५००. त्यावर ६ टक्के म्हणजे १५०.
खाऊ आणि थंड पेयं १,८००. व्हॅट काढून १,५००. त्यावर ३२ टक्के म्हणजे ४८०.
दूध, ब्रेड वगैरे १,५००. व्हॅट नाही. त्यावर २४ टक्के म्हणजे ३६०.

एकूण १,७६०. लॉटरीची अडत पन्नासेक पौंड धरली तर आठवड्याला १,८१० आणि वर्षाला सुमारे ९४ हजार. एक लाख ३७ हजारांतले ४३ हजार पहिल्या तासातच गळाले, आणि यात विकणारा खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. विक्री १२ हजार होतीच. २२ टक्के नफाही दारूवर होताच. जाहिरातीत फक्त हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले होते.

आता खर्च. भाडं १८ हजार. वीज ९ हजार, कारण दारू आणि दूध थंड ठेवणारे फ्रीज रात्रंदिवस चालू असतात. विमा, कार्डयंत्राचं शुल्क, हिशेबनीस, दुरुस्ती, चोरी, मुदत संपून फेकलेला माल, सगळं मिळून आणखी ९ हजार. दुकानांवर स्थानिक कर असतो. इंग्लंडमध्ये जागेचं करपात्र मूल्य १२ हजार पौंडांपर्यंत असेल आणि तुमची ती एकच जागा असेल, तर तो पूर्ण माफ होतो. आपलं दुकान त्यात बसतं असं मानू. खर्च ३६ हजार झाला. हातात उरले ५८ हजार.

"वर्षाला ५८ हजार सुटतात आणि किंमत ७५ हजार. दीड वर्षात पैसे वसूल!" इथेच बहुतेकांचा निर्णय होतो. माझ्या मते इथेच थांबून विचार सुरू करायला हवा.

३. आठवड्याचे एकशे चाळीस तास

या खर्चात एक ओळ नाही. गल्ल्यावर बसणाऱ्याचा पगार.

दुकान रोज १५ तास उघडं, सात दिवस. म्हणजे १०५ तास. संध्याकाळी पाच ते दहा गर्दीची वेळ असते, तेव्हा एकट्याने भागत नाही. एकाने गल्ला सांभाळायचा आणि दुसऱ्याने दारूच्या फळ्यांवर लक्ष ठेवायचं. ते आणखी ३५. आठवड्याला १४० तास, वर्षाला ७,२८०. कॅश अँड कॅरी म्हणजे घाऊक गोदामातून माल आणायचे, हिशेबाचे आणि साफसफाईचे तास अजून धरलेलेच नाहीत.

५८,००० भागिले ७,२८०. तासाला आठ पौंडांच्याही आत.

ब्रिटनमध्ये २१ किंवा त्याहून अधिक वर्षांच्या कामगाराला द्यायचं किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये तासाला १२.२१ पौंड झालं. ७,२८० तासांचं या दराने वेतन होतं जवळजवळ ८९ हजार पौंड. म्हणजे प्रत्येक तासाला कायद्याने द्यावाच लागणारा किमान पगार दिला, तर हे दुकान वर्षाला ३१ हजारांनी तोट्यात आहे. कामगारांची पगारी रजा आणि मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा त्यात अजून आलेला नाही.

मग विकणारा इतकी वर्षं कसा टिकला? त्याची बायको सकाळी बसायची. तो दुपारी माल आणायचा आणि रात्री बसायचा. मुलं शाळेतून आल्यावर फळ्या लावायची. म्हातारे वडील वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडायचे. यांतल्या कुणालाही पगार नव्हता. जे ५८ हजार 'नफा' म्हणून दाखवले जातात, ते अख्ख्या घराचं अर्धपोटी वेतन आहे.

ब्रिटनमधल्या कोपऱ्यावरच्या भारतीय दुकानाचा इतिहास हा या बिनपगारी तासांचा इतिहास आहे, आणि तो आदराने सांगायला हवा. १९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं. त्यांतले सुमारे २८ हजार ब्रिटनमध्ये आले, त्यांत गुजराती बरेच होते. त्यांच्याआधी केनियातूनही लोक आले होते. शिक्षण असून मनाजोगती नोकरी मिळत नव्हती, तेव्हा अनेकांनी म्हाताऱ्या इंग्रज दुकानदारांची मोडकळीला आलेली दुकानं घेतली आणि इतर दुकानं बंद असत तेव्हा ती उघडी ठेवली. भावाने भावाला भांडवल दिलं. मेहुणा शनिवार-रविवारी येऊन बसला. त्या कष्टांवर मुलं डॉक्टर, फार्मासिस्ट, हिशेबनीस झाली. ती मुलं आता गल्ल्यावर बसायला तयार नाहीत आणि आईबाप थकले आहेत. बाजारात विकायला आलेल्या बऱ्याच दुकानांमागे हेच साधं कारण असतं.

याच्या उलटी बाजू मोठ्या साखळ्यांची. थ्रेशर ही ब्रिटनमधली दारूच्या दुकानांची प्रसिद्ध साखळी. तिच्या मालक कंपनीकडे हजाराहून अधिक दुकानं होती. २००९ मध्ये ती बुडाली. सुपरमार्केटं दारू स्वस्तात विकत होती, हे कारण सगळेच सांगतात. पण त्याच सुपरमार्केटांच्या सावलीत शेजारचं कुटुंबाचं दुकान टिकलं. दोघांमधला मोठा फरक मला तासांचा दिसतो. साखळीला प्रत्येक तासाचा पगार द्यावा लागत होता, कुटुंबाला नाही.

मराठी माणसाने इथे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं: माझ्याकडे असे तास आहेत का? आपले लोक तिकडे बहुतेक करून डॉक्टर, इंजिनिअर, संगणकाच्या नोकऱ्यांवर गेले. एकेकटी कुटुंबं, दोघंही नोकरीत, आईवडील पुण्याला किंवा सांगलीला. काका, मामा, मेहुणे यांची कुमक नाही. बायकोने तिची चांगली नोकरी सोडून गल्ल्यावर बसायचं ठरवलं, तर तिचा गेलेला पगार हा दुकानाचाच खर्च आहे. तो वहीत लिहा. लिहिला नाही, तर दुकान नफ्यात आहे असं वर्षानुवर्षं वाटत राहील.

दुकानाच्या वर राहायची जागा असेल तर चित्र थोडं बदलतं. तशा जागेला बाहेर वर्षाला १२ हजार भाडं पडत असेल, तर तेवढे पैसे वाचले. तरीही ३१ हजारांचा खड्डा १९ हजारांवरच येतो. नुसत्या विक्रीने पूर्ण खड्डा भरायचा तर आठवड्याला ६०० पौंडांचा जास्त नफा हवा. आपल्या दुकानात दर शंभर पौंडांच्या विक्रीमागे १७ पौंडांच्या आसपास उरतात, म्हणून विक्री साडेतीन हजारांनी वाढायला हवी. विक्रीचा तिसरा हिस्सा! कॉफीचं यंत्र, गरम खाणं, पार्सल देण्याघेण्याची सोय यांनी काही वाढ होते. तिसरा हिस्सा वाढेल असं विकणारा म्हणत असेल, तर ती वाढ त्याने स्वतः का केली नाही, हा प्रश्न सरळ विचारावा.

४. भिंती दुसऱ्याच्या

७५ हजारांत दुकानाची जागा मिळत नाही. जागा घरमालकाची असते आणि तुम्ही उरलेला भाडेपट्टा विकत घेता. देवगडकडे आंब्याची बाग काही वर्षांच्या कराराने घेतात, तसाच हा व्यवहार. झाडं मालकाची, राखण आणि खत तुमचं, फळही तुमचं, पण कराराची वर्षं संपेपर्यंतच. दोन हंगाम उरलेल्या बागेला दहा हंगामांचे पैसे कुणी देत नाही.

दुकानाचे देतात. समजा, पट्ट्याची चारच वर्षं उरली आहेत. ७५ हजार भागिले ४ म्हणजे वर्षाला १८,७५०. भाडं आधीच १८ हजार आहे. म्हणजे तुम्ही नकळत दुपटीहून जास्त भाडं भरता आहात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५४ चा एक कायदा धंद्याच्या भाडेकरूला संरक्षण देतो. मुदत संपली तरी नव्या पट्ट्याची मागणी करता येते, आणि घरमालकाला ती ठरावीक कारणांवरच नाकारता येते. पण दोन्ही पक्षांनी करार करतानाच हे संरक्षण वगळलेलं असू शकतं. तसं असेल तर मुदत संपताच बाहेर पडावं लागतं. आपल्या वकिलाला विचारायचा हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न भाडं कधी वाढणार याचा. दर तीन किंवा पाच वर्षांनी भाड्याचा फेरविचार होतो आणि पुष्कळ पट्ट्यांत ते फक्त वर जाऊ शकतं. पुढचा फेरविचार पुढच्याच वर्षी असेल, तर विकणाऱ्याची घाई समजते. तिसरा प्रश्न दुरुस्तीचा. बऱ्याच पट्ट्यांत जागेची पूर्ण दुरुस्ती भाडेकरूवर असते. शंभर वर्षं जुन्या इमारतीचं छप्पर गळतं आहे आणि पट्ट्यावर सही तुमची आहे, तर छप्परही तुमचं. पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरची फी वाचवू नये.

५. परवाना: स्वस्त, आणि म्हणूनच जोखमीचा

महाराष्ट्रात नवे वाइन शॉप परवाने देणं १९७० च्या दशकापासून थांबलेलं आहे. त्यामुळे आपल्याकडे परवाना हीच मोठी मालमत्ता ठरते. इंग्लंडमध्ये तसं नाही, आणि आपल्या माणसाची गल्लत इथे होते. 'दारूचा परवाना आहे' म्हणून जास्त पैसे द्यायला तो तयार होतो.

तिथे २००३ चा परवाना कायदा नोव्हेंबर २००५ पासून लागू आहे. परवाना स्थानिक नगरपरिषद देते. आपल्या उदाहरणातल्या आकाराच्या दुकानाला नव्या अर्जाचं शुल्क १९० पौंड आणि पुढे दरवर्षी १८० पौंड. अर्जाची सूचना २८ दिवस दुकानावर लावायची, स्थानिक वर्तमानपत्रात द्यायची, आणि पोलीस किंवा शेजाऱ्यांचा सबळ आक्षेप नसेल तर परवाना मिळतो. संख्येची मर्यादा नाही. म्हणजे तुम्ही ७५ हजार मोजून दुकान घेतल्यावर समोरच्या रिकाम्या गाळ्यातही उद्या तोच परवाना येऊ शकतो. काही भागांत दारूची दुकानं आधीच फार झाल्याचं नगरपरिषदेने जाहीर केलेलं असतं, आणि तिथे नवा परवाना मिळणं अवघड जातं. असं दुकान मिळालं तर परवान्याला खरी किंमत आहे.

परवाने दोन. एक जागेचा, दुसरा माणसाचा. माणसाचा परवाना एका छोट्या अभ्यासक्रमाची परीक्षा आणि गुन्ह्यांची तपासणी यांनंतर ३७ पौंडांत मिळतो आणि आता त्याला मुदत नसते. जागेच्या परवान्यावर दारूविक्रीची जबाबदारी घेणाऱ्या एका व्यक्तीचं नाव लागतं, आणि त्या व्यक्तीकडे माणसाचा परवाना असावा लागतो.

जागेच्या परवान्याला जोडलेल्या अटी जागेबरोबर तुमच्याकडे येतात. रात्री अकरानंतर विक्री नाही. ६.५ टक्क्यांहून तीव्र बिअर आणि सायडर (सफरचंदाची दारू) ठेवायची नाही. सुटा डबा विकायचा नाही. कॅमेऱ्याचं चित्रण महिनाभर जपायचं. एखाद्या दुकानाला अशा वीस अटी असतात, कारण आधीच्या मालकाने कधीतरी चूक केलेली असते. परवान्याची नोंद नगरपरिषदेकडे कुणालाही पाहता येते. जाहिरात वाचल्यावर पहिला फोन विकणाऱ्याला करण्यापेक्षा ती नोंद वाचावी. पूर्वी परवान्याची फेरतपासणी झाली होती का, अठराखालच्या मुलाला दारू विकताना दुकान पकडलं गेलं होतं का, बेकायदा सिगारेट सापडल्या होत्या का, याचा पत्ता तिथेच लागतो.

एक बारकावा फार कमी लोकांना माहीत असतो. परवानाधारक दिवाळखोर झाला किंवा वारला, किंवा परवानाधारक कंपनी बंद झाली, तर परवाना आपोआप गळतो. तो जिवंत करायला २८ दिवसांची मुदत असते. बंद पडलेल्या कंपनीचं दुकान स्वस्तात मिळतं आहे, असं वाटलं की हे आधी तपासा.

स्कॉटलंडचा कायदा पूर्ण वेगळा आहे. तिथे दुकानातून दारू सकाळी दहा ते रात्री दहा या वेळेतच विकता येते आणि किमान किंमत ठरलेली आहे. ३० सप्टेंबर २०२४ पासून दर युनिटला ६५ पेन्स. युनिट म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ७०० मिलिलिटरच्या ४० टक्के व्हिस्कीत २८ युनिटं होतात, म्हणजे ती बाटली १८ पौंड २० पेन्सच्या खाली विकताच येत नाही. छोट्या दुकानाला यात फायदाच आहे. सुपरमार्केटलाही त्याखाली जाता येत नाही.

६. सकाळी सात वाजता काय विकलं जातं?

गल्ल्याचं यंत्र दर तासाची विक्री वेगळी दाखवतं. तो कागद मागून घ्या आणि सकाळी सात ते नऊ या वेळेत काय विकलं गेलं ते पाहा. वर्तमानपत्र, दूध, सँडविच असेल, तर वस्ती कामावर जाणाऱ्यांची आहे. त्या वेळेला साडेसात टक्क्यांच्या स्वस्त सायडरचे डबे जात असतील, तर दुकानाचा पाया व्यसनात बुडालेल्या काही माणसांवर उभा आहे. ती माणसं रोज येतात, तुम्हाला नावाने हाक मारतात, आणि तुमच्यासमोर खंगत जातात. त्यांना रोज डबा द्यायचं काम तुम्हाला करायचं आहे का? हा प्रश्न हिशेबाच्या वहीत बसत नाही म्हणून तो टाळू नये. मला तो भाड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. इप्सविचसारख्या गावात २०१२ पासून अनेक दुकानदारांनी ६.५ टक्क्यांवरची स्वस्त बिअर आणि सायडर आपणहून फळीवरून काढली. म्हणजे हे करता येतं. फक्त ती विक्री वजा करून दुकानाची किंमत ठरवायला हवी.

रात्रीचा प्रश्न त्याहून कडक. २५ वर्षांखालचा दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायचं, अशी तिथल्या दुकानांत सर्रास पद्धत आहे. अठराखालच्याला दारू विकणं हा गुन्हा आहे, आणि आधीच नशेत असलेल्याला विकणं हाही. म्हणजे रोज रात्री कुणाला तरी 'नाही' म्हणायचं. 'नाही' ऐकलेला माणूस शिव्या देतो, कधी वंशावरून बोलतो, कधी बाटली उचलून पळतो. हे सगळं रात्री साडेनऊला. घरातल्या ज्या व्यक्तीला तुम्ही तिथे बसवणार आहात, तिला घेऊन एका शुक्रवारी रात्री त्या दुकानाबाहेर दोन तास उभे राहा आणि मग ठरवा.

७. वह्या बोलतात

विक्रीचा आकडा पडताळायचा सर्वांत भरवशाचा मार्ग खरेदीतून जातो. विक्री फुगवून सांगता येते, पण घाऊक व्यापाऱ्याची बारा महिन्यांची बिलं फुगवणं कठीण. आठवड्याला साडेतीन हजारांची दारू व्हॅटविना विकली जाते आणि नफा २२ टक्के आहे, तर खरेदी २,७३० च्या आसपास दिसायला हवी. बिलं दीड हजारांचीच असतील तर दोनच शक्यता: विक्री खोटी आहे, किंवा उरलेला माल बिलाशिवाय येतो. दुसरी शक्यता पहिलीहून वाईट. एप्रिल २०१७ पासून दारू फक्त सरकारदरबारी नोंदणी असलेल्या घाऊक व्यापाऱ्याकडूनच घ्यावी लागते. कर न भरलेला माल सापडला तर तो जप्त होतो आणि परवानाही धोक्यात येतो.

बिलांच्या जोडीला व्हॅटची तिमाही विवरणपत्रं, कार्डयंत्राची आणि लॉटरीची विवरणं मागा, निदान तीन वर्षांची. त्यात एक तारीख लक्षात ठेवा. १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) विक्रीवर बंदी आहे. काही दुकानांचा चांगला नफा त्यावरच होता. त्याआधीच्या वर्षाचा आकडा दाखवून कुणी किंमत मागत असेल, तर ते उत्पन्न आता परत येणार नाही.

"खरी विक्री याहून जास्त आहे, सगळं वहीत दाखवत नाही," हे वाक्य बहुधा चहा पिताना, विश्वासात घेतल्यासारखं येतं. वहीत नसलेल्या विक्रीचे पैसे देऊ नका. सरकारला फसवल्याचं जो तुम्हाला पहिल्या भेटीत सांगतो, त्याने दुसऱ्या भेटीत तुम्हाला खरं सांगावं, असं कुठलंही कारण नाही.

दुकानावर कुठली पाटी आहे, तेही पाहा. प्रीमियर, लोंडिस, निसा, कॉस्टकटर अशा पाट्यांखालची बरीच दुकानं स्वतंत्र मालकांची असतात. पाटी देणारा घाऊक व्यापारी माल आणि जाहिरात पुरवतो आणि बदल्यात ठरावीक खरेदीची अट घालतो. प्रीमियर आणि लोंडिस या पाट्या बुकर या घाऊक कंपनीच्या आहेत, आणि २०१८ पासून बुकर टेस्कोच्या मालकीची आहे. तुमचा पुरवठादार आणि तुमचा सर्वांत मोठा स्पर्धक एकाच घरचे! त्यात लगेच काही वाईट नाही. माल वेळेवर येतो आणि दर बरे असतात. पण करार मोडायचा झाला तर काय भरावं लागेल, ते सहीपूर्वी वाचावं.

८. किंमत आणि ताब्याचा दिवस

आपल्या काल्पनिक दुकानाला किती द्यावेत? पगार धरल्यावर ते तोट्यात आहे. म्हणून मी गुडविलला काहीही देणार नाही. चालू स्थितीतलं सामान आणि बऱ्या मुदतीचा पट्टा यांचे १५ ते २० हजार, आणि माल मोजून. विकणारा रागावेल. त्याने तिथे घालवलेल्या वर्षांचा हा अपमान आहे असं त्याला वाटेल, आणि त्याचं वाटणं समजण्यासारखं आहे. पण त्याच्या कुटुंबाच्या कष्टांचे पैसे तुम्ही दिलेत, तरी ते कष्ट तुम्हाला मिळत नाहीत. तुम्हाला पुन्हा तेवढेच करावे लागतात.

व्यवहार ठरलाच, तर ताब्याच्या आदल्या रात्री दोघांना मान्य असलेला मूल्यमापक माल मोजतो. त्याची फी बहुधा निम्मी-निम्मी. मालाची कमाल रक्कम करारात आधीच लिहून घ्यावी, नाहीतर शेवटच्या आठवड्यात मागची खोली न खपणाऱ्या मालाने भरते. मुदत संपत आलेला, फुटका, धूळ खाल्लेला माल मोजणीतून वगळावा. आधीचे नोकर असतील तर ते त्यांच्या जुन्या अटी आणि सेवेच्या वर्षांसकट तुमच्याकडे येतात, हे कायद्यानेच ठरलेलं आहे.

परवाना हस्तांतराचा अर्ज २३ पौंडांचा, आणि जबाबदार व्यक्तीचं नाव बदलण्याचा तेवढ्याच पैशांचा दुसरा. दोन्ही अर्ज तात्काळ लागू व्हावेत अशी विनंती त्यातच करता येते. ती केली आणि विकणाऱ्याची लेखी संमती जोडली, तर त्याच दिवसापासून दारू विकता येते. पोलिसांना आक्षेप घ्यायला १४ दिवस असतात. हे अर्ज दाखल झाल्याची पोच हातात येईपर्यंत दारूच्या फळ्यांवर पडदा टाकून ठेवावा आणि दूध-ब्रेड विकावा.